परसरामच्या गाडीचं पितळी बॉनेट

परसरामला आपल्या अकलेबद्दल कधीच मोठा गैरसमज नव्हता. ती आहे, हे तो जाणून होता. फक्त ती नेहमी त्याच्या मागून पोचते, असा त्याचा अनुभव होता. मोटारीच्या बाबतीत तर ती पोचलीच नाही. भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांचं चालू दुकान, घरामागे बाप तुलारामची ठोकणीची शेड, घरात केशरबाईसारखी सरळ डोक्याची बायको, असं सगळं ठीकठाक असताना या माणसानं तुमसरकडच्या एका खाणीच्या साहेबाची लांब नाकाची जुनी विलायती मोटार विकत घेतली. साहेब जाताना म्हणाला होता, "गाडी राजासारखी आहे." ती खरोखर राजासारखीच निघाली. मनात येईल तिथं थांबायची, पाणी मागायची आणि मिळेपर्यंत हलायची नाही.

थंडीत ती बरी चालायची. पण फाल्गुन सरला की दर दोन गावांआड तिच्या नाकातून वाफ निघे. परसराम बादली घेऊन खाली उतरे आणि जवळचा तलाव किंवा शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं, शोधू लागे. भंडाऱ्यापासून साकोलीपर्यंत कुठल्या बोडीत पाणी टिकतं आणि कुठल्या विहिरीला दोर आहे, हे त्याला तोंडपाठ झालं होतं. लाखनीच्या अलीकडे एका बोडीवर धुणं धुणारी ताराबाई नावाची म्हातारी तर गाडीचा आवाज आला की बादली भरूनच ठेवी. "आला का बाप्पा तुमचा हत्ती?" असं ती विचारी, आणि परसराम "आला जी" म्हणून मान खाली घाली. लोक मोटारीत बसून रुबाब मारतात. परसरामनं मोटार घेऊन पाणक्याचं काम मिळवलं होतं.

तरी त्या गाडीवर त्याचा जीव होता. दुकान बापाचं, घर आजाचं, बायको वडीलधाऱ्यांनी पाहिलेली. आपल्या मर्जीनं, कोणाला न विचारता त्यानं आयुष्यात एकच गोष्ट केली होती, ती ही. चुकली तर चुकली, पण चूक तरी स्वतःची होती.

दिवाळीनंतर त्याच्या थोरल्या मुलीचं, चंद्रकलेचं, लग्न ठरलं, एकोणऐंशी सालच्या वैशाखातलं. मुलगा साकोलीकडच्या एकोडीचा, घरची धानाची शेती, गावच्या तलावाखालची. मुलाचे वडील श्यामराव बोलणी करायला आले तेव्हा इतकंच म्हणाले, "आमाले काही नोको जी. पोरगी पाठवा." परसरामला ते इतकं भिडलं की तो आतल्या खोलीत गेला आणि मुलीला वचन देऊन बसला.

"माय, तुले सासरी मी आपल्या मोटारीत पोचवीन. अन् वाटेत गाडी एकदाबी थांबनार नाही."

चंद्रकला धान्य निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मी एस्टीनं जाईन बाबा," ती म्हणाली. "शालू नेसून बोडीवर उभी नाही राहनार मी."

हे बोलणं परसरामला लागलं. लागायलाच हवं होतं. कारण वैशाखात, लग्नाच्या दिवशी, नवरीमुलगी रस्त्याच्या कडेला आणि बाप बादली घेऊन चिखलात, हे चित्र त्याला तिच्याइतकंच स्वच्छ दिसत होतं. एकोडीत पहिल्याच दिवशी तिचं हसं होईल, आणि ते पुढं जन्मभर चालेल. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना.

भैय्यालाल नावाचा त्याचा एक मित्र होता. नाक्यावर ट्रक दुरुस्त करायचा आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर हसायचा. त्यानं गाडीचं नाक उघडून आत डोकं घातलं, बराच वेळ ठेवलं आणि बाहेर काढून म्हणाला, "गाडीच्या पोटात गरमी कोंडून राहिली बे. हवा समोरून येते, निघाले जागा नाही. बॉनेटले वरून जाळी पायजे, गरम हवा निघून जाईन. अन् तसंबी हे बॉनेट सडलं. नवंच बनव."

"कायचं बनवू?"

इथं भैय्यालालनं 'पत्र्याचं' म्हटलं असतं आणि परसरामनं 'बरं' म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. भैय्यालालनं तसं म्हटलंही. त्याच्या अंगणात तेलाचे रिकामे ड्रम पडून होते, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ड्रमच्या पत्र्याची करावी असं त्याचं प्रामाणिक मत होतं. ड्रम कापून, ठोकून, छिन्नीनं चिरा पाडून त्यानं बॉनेट बसवूनही दिलं. गाडी सुरू झाली आणि त्या पत्र्यानं असा काही खडखडाट मांडला की बाजारातला एक बैल जू टाकून पळाला. मागोमाग त्याचा धनी पळाला आणि त्याच्या मागं माफी मागत परसराम. भैय्यालालनं जुनंच बॉनेट परत बसवलं आणि ते पत्र्याचं कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं. कोंबड्यांची तक्रार आली नाही.

मग परसराम जवाहरनगरला गेला. तिथं फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये मधुकरराव राहत. ते कारखान्यात नोकरीला होते आणि परसरामच्या दुकानातून दर दिवाळीला समई नेत. त्यांनी परसरामला खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि ॲल्युमिनियमवर व्याख्यान दिलं. हलकं, गंजत नाही, उष्णता धरून ठेवत नाही.

"आता तुम्हीच सांगा परसरामजी," ते शेवटी म्हणाले, "विमान कशाचं बनवतात?"

"मले उडायचं नाही जी, एकोडीले जायचं हाये," परसराम म्हणाला. पण हे म्हणतानाच तो मनातून उडाला होता. विमानाच्या धातूचं बॉनेट! नागपूरहून त्यानं मोठा पत्रा मागवला, गाडीच्या टपावर बांधला आणि कोणाला तरी दाखवावं म्हणून थेट नाकाडोंगरीला साडूकडे गेला. साडूचं घर जंगलाला लागून. गाडी झाडाखाली उभी होती. जेवण होऊन बाहेर येतो तर टपावर एक थोराड वानर उकिडवं बसलेलं, शांतपणे पाय खाजवत. त्याला हाकललं तेव्हा पत्र्यावर त्याच्या बैठकीचा इतका स्वच्छ खळगा उमटला होता की साडू म्हणाला, "याच्यात दहीबी लावता येईन."

साडू लाकडाचा व्यापारी. त्यानं लगेच सागवान सुचवलं. सागाला ऊन लागत नाही, पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, अन् वानर बसलं तर वानरालाच लागते. कोरीव जाळीही करून देतो म्हणाला, देवघराला करतात तशी. परसरामला तेही पटलं. त्याला सगळंच पटायचं. हाच तर त्याचा आजार होता. घरी येऊन त्यानं केशरबाईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"म्हनजे वर लाकूड अन् खाली इस्तो," ती म्हणाली. "त्याले आमी चूल म्हनतो जी."

सागवान तिथंच विझलं.

असं करता करता पौष गेला, माघ गेला. घरात लग्नाची गडबड सुरू झाली आणि वधूपिता गाडीचं झाकण कशाचं करावं या विचारात नाक्यावर उभा. बाजारात त्याला लोक 'बॉनेट' म्हणूनच हाक मारू लागले होते. परसरामलाही आपल्याकडे पाहून हसू येई. ज्यानं त्यानं आपापल्या अंगणात पडलेला माल आपल्याला सुचवला, आणि आपण मात्र प्रत्येक वेळी ब्रह्मज्ञान मिळाल्यासारखी मान डोलावली, हे त्याला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता, ते वेगळं.

एक दिवस दुकानात एक बाई आली. पाण्यासाठी स्टीलचा हंडा घ्यावा की पितळेचा गुंड, असं तिनं विचारलं. त्या वर्षांत स्टीलचा बोलबाला झाला होता. परसरामनंही दुकानात एक फळी स्टीलची लावली होती, आणि खरं सांगायचं तर तीच फळी जास्त चालत होती. पण त्या दिवशी त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "पितळच घ्या बाई. ठोकलं तं वाकते, वाकलं तं सुधरते, अन् घासलं की नव्यावानी." बाई गेली आणि परसराम तिथंच थिजल्यासारखा बसून राहिला. ड्रमवाल्याला विचारलं, विमानवाल्याला विचारलं, लाकूडवाल्याला विचारलं. आणि स्वतः पितळेच्या ढिगावर बसलो आहोत याची शुद्ध नाही. मग मात्र त्याला आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि तो मोठ्यानं हसला. आता तोही आपल्याच अंगणातला माल सुचवत होता.

तरी घरामागे जाताना त्याचं हसू मावळलं. कारण हे काम बापाला सांगायचं होतं. दुकानात स्टीलची फळी लागली त्या दिवसापासून तुलाराम दुकानाची पायरी चढला नव्हता. भांडला नाही, बोलला नाही. फक्त हातोड्या पुसून खुंटीला टांगल्या आणि शेडमध्ये ठोकणीजवळ रिकामा बसू लागला. जेवायला बोलावलं की यायचा, जेवून परत तिथंच. परसरामला बापाचं ते बसणं रोज दिसायचं आणि रोज खुपायचं. पण स्टीलची फळी काढायची छाती होत नव्हती आणि बापाशी बोलायचीही.

"बाबा, एक झाकन बनवायचं होतं," तो म्हणाला.

तुलारामनं मान वर केली. "कायचं?"

"मोटारीचं. वर जाळी पायजे, वाफ जायाले. पितळेचं म्हनतो."

म्हातारा उठला, काठी घेतली, अंगणात आला. मोटार घरात आल्यापासून तो तिच्याजवळ कधी गेला नव्हता. आता तिच्याभोवती एक फेरी मारली, नाकावर बोटानं टिचकी मारली आणि गुंडाचा नाद ऐकावा तसा कान देऊन ऐकला.

"बद वाजते," तो म्हणाला. "कोनं ठोकलं हे?"

"विलायतेत ठोकलं जी."

"दिसूनच राहिलं," तुलाराम म्हणाला, आणि खुंटीवरची हातोडी काढायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागून ठकठक ऐकू आली तेव्हा परसराम दात घासत होता. तो तसाच उभा राहिला. किती दिवसांनी तो आवाज घरात येत होता! त्याला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आणि बॉनेट बसलं नाही तरी चालेल असंही वाटून गेलं.

बॉनेट बसलं. पण ते बॉनेट कमी आणि भांडं जास्त होतं. तुलारामनं आयुष्यभर जे केलं तेच केलं. पत्रे जोडले, तावून तावून ठोकले, मठारून मठारून सगळ्या अंगावर हातोडीचे गोल ठसे उठवले, जशी परातीला शोभा येते तशी. जाळीचा प्रश्न आला तेव्हा परसरामनं कागदावर लांब चिरा काढून दाखवल्या. म्हाताऱ्यानं कागद बाजूला ठेवला. त्याच्या लेखी पितळेला भोकं पाडायची एकच रीत होती, ती झाऱ्याची. मधोमध एक भोक आणि भोवती वर्तुळावर वर्तुळं, बारीक, नेटकी. त्यामुळे गाडीच्या नाकावर दोन अवाढव्य झारे बसवल्यासारखे दिसू लागले. भैय्यालालनं पाहिलं आणि तो खाली बसून हसला. "आता पेट्रोल नोको टाकू, बुंदी टाक," तो म्हणाला.

एवढ्यावर भागलं नाही. बॉनेट बसवायच्या दिवशी पाहतो तर आतल्या बाजूनं ते चांदीसारखं पांढरं चमकत होतं.

"बाबा, हे काय केलं?"

"कल्हई केली."

"कायले? इथं कोन वरन शिजवते?"

"आपल्या घरून पितळेची वस्तू बिना कल्हईची गेली नाही आजवर," तुलाराम म्हणाला, आणि विषय संपला.

ते झाकण उचलायला दोन माणसं लागत आणि उघडं ठेवायला लाकडी दांडकं. दुपारच्या उन्हात ते असं तळपे की गाडी चालवणाऱ्याला रस्ता दिसत नसे. परसरामनं काळा चष्मा घेतला. केशरबाई म्हणाली, डोळे आल्यासारखे दिसता. पण त्यानं गाडी लाखनीच्या रस्त्याला काढली, चैत्राच्या उन्हात, आणि गाडी थांबली नाही. झाऱ्याच्या भोकांतून गरम हवा काचेवर येत होती, परसराम घामानं निथळत होता, पण गरमीचा काटा जागचा हलत नव्हता. एक तलाव गेला, दुसरा गेला. बोडीवर ताराबाई भरलेली बादली घेऊन रस्त्यापर्यंत आली होती. तिच्यासमोरून ती लखलखीत गाडी न थांबता निघून गेली, आणि म्हातारी हातात बादली धरून पाहत राहिली. परसरामनं इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. तरी पुढं गेल्यावर त्याला तिचं वाईट वाटलं. परत येताना त्यानं मुद्दाम गाडी थांबवली, तिच्या बादलीतलं पाणी प्यायला, आणि लेकीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं.

आता लग्नाला थोडेच दिवस उरले होते. घराच्या ओसरीवर चंद्रकलेच्या आंदणाची भांडी मांडली होती: गुंड, कोपर, परात, गंगाळ, समया, तांबे, वाट्या. परसराम हातात छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन त्यांच्यावर नाव टाकत बसला होता. बापाच्या कलेतलं त्याला एवढंच जमत होतं. गुंड घडवणं त्याच्या हातून कधी झालं नाही, पण टिंबाला टिंब जोडून नाव टाकण्यात त्याचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता. लग्नसराईत लोक दुकानासमोर रांग लावत. आंदणाच्या भांड्यावर मुलीचं नाव हवंच. ज्याच्यावर तिचं नाव, ते तिचं. सासरी उद्या भावाभावांत वाटण्या झाल्या, जावाजावांत तोंडं फिरली, तरी नावाच्या भांड्याला कोणी हात लावत नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण भंडारा जिल्ह्यात तो पाळत नाही असं घर नव्हतं. आणि परसराम तर त्या कायद्याचा कारकूनच.

चंद्रकला, चंद्रकला, चंद्रकला. सकाळपासून तो तेच नाव टाकत होता. शेवटची वाटी झाली, ती त्यानं ढिगावर ठेवली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. हे सगळं एकोडीला जाणार. जिच्यावर तिचं नाव आहे अशी एकही वस्तू या घरात उरणार नाही. ज्या मुलीनं आजवर त्याच्या प्रत्येक बेताची टोपी उडवली, ती गेल्यावर त्याला वेड्यात काढायलाही घरात कोणी उरणार नव्हतं. केशरबाई होती, पण तिला आता सवय झाली होती.

तो उठला आणि अंगणात गाडीजवळ गेला. दुपार होती, सगळे आत झोपले होते. आपण काय करतो आहोत हे त्याला नीट माहीत होतं, एरवी नसायचं. ती गेल्यावर रोज गाडी चालवताना तिचं नाव आपल्या डोळ्यांसमोर असावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून त्यानं ते बॉनेटच्या काचेकडच्या कडेला, चालवणाऱ्याला वाचता येईल अशा बेतानं, मोठ्या ठसठशीत अक्षरांत टाकलं. ही गोष्ट त्यानं कोणालाही सांगितली नाही. बापानं लेकीसाठी असं काही करायचं नसतं असं नाही, पण सांगायचं नसतं, असा त्याचा समज होता. संध्याकाळी केशरबाईनं पाहिलं. "गाडीले काहून पोरीचं नाव?" तिनं विचारलं. "असंच," तो म्हणाला. ट्रकवाले टाकतात तसं असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

लग्न छान झालं. एकोडीहून वऱ्हाड आलं, जेवणं झाली, उन्हं उतरली. निरोपाच्या आधी रीतीप्रमाणे आंदण मांडवात मांडलं. नवरदेवाची आत्या गोदावरीबाई एकेक भांडं उचलून, फिरवून, नाव वाचून बाजूला ठेवू लागल्या. "गुंड, चंद्रकला. कोपर, चंद्रकला." मागच्या बायका मान डोलवत होत्या. सगळी भांडी झाली आणि बाई उठल्या. मांडवाच्या तोंडाशीच गाडी उभी होती, फुलांच्या माळा घातलेली. पितळ दिसलं म्हणून गोदावरीबाई तिकडे गेल्या, मठारकामावरून हात फिरवला आणि थबकल्या.

"अवो भाऊ," त्यांनी श्यामरावांना हाक मारली, "इकडं या जी. हेबी पितळच हाये. अन् नावबी हाये."

श्यामराव आले. दोन्हीकडचे लोक जमा झाले. श्यामरावांनी मान वाकडी करून ते नाव वाचलं, परत वाचलं, आणि मग परसरामकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. धानाच्या चिखलात आयुष्य गेलेले त्यांचे दोन्ही हात त्यांनी जोडले.

"इवाई," ते म्हणाले, "मी तं काही मांगलो नव्हतो जी. तुमी तं मोटारच देल्ली पोरीले!"

परसरामनं तोंड उघडलं. त्याची अक्कल नेहमीप्रमाणे मागून येत होती, आणि आता ती येऊन पोचली. ज्याच्यावर मुलीचं नाव, ते मुलीचं. साऱ्या जिल्ह्याला हे माहीत, आणि ज्यानं हजारो भांड्यांवर नावं टाकून हेच शिकवलं त्यालाच आठवलं नाही. ड्रमच्या पत्र्यावर कोण नाव टाकतो? सागवानावर कोण आंदण म्हणून हक्क सांगतो? सगळा हिवाळा घालवून त्यानं नेमका तोच एक धातू निवडला होता ज्यावर लिहिलं की वस्तू हातची जाते.

'नाही जी, ते माझ्यासाठी टाकलं होतं', एवढंच म्हणायचं होतं. श्यामराव भला माणूस, त्यानं ऐकलं असतं, लाजून माफीही मागितली असती. पण शेकडो माणसं ऐकत होती. ज्यावर मुलीचं नाव टाकलं ते बापानं परत घेतलं, हे एकोडीत पोरीच्या आधी पोचलं असतं. परसरामनं चंद्रकलेकडे पाहिलं. ती शालूत मान खाली घालून उभी होती, आणि तिची बोटं पदराचं टोक पिळत होती. बाजूला तुलाराम काठीवर रेलून उभा होता. आपल्या हातचं एवढं मोठं भांडं आंदणात जातंय म्हणून म्हाताऱ्याची छाती फुगली होती.

"तिचीच हाये जी," परसराम म्हणाला. "तिच्या नावाची."

बँडवाल्यांना काही कळलं नाही, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून त्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली. श्यामरावांनी त्याला मिठी मारली. केशरबाईनं दुरून नवऱ्याकडे असं पाहिलं की पुढच्या कितीतरी दिवसांचं बोलणं त्या एका नजरेत आलं. परसराम सगळ्यांकडे पाहून हसत होता. आपली मोटार गेली, हे त्याच्या पोटात शिरायला अजून वेळ होता.

तेवढ्यात भैय्यालाल गाडीसमोर जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "अगा परसराम! नाव तं उलटं टाकलं बे!"

लोक समोर धावले. खरंच, समोरून पाहिलं की अक्षरं डोक्यावर उभी होती. मांडवात हशा पिकला. भैय्यालालला तर कोणाचा तरी खांदा धरावा लागला. "सारी जिंदगी नावं टाकली, अन् पोरीच्या लग्नात उलटं!"

"घाईत झालं," परसराम म्हणाला. "डोकं ठिकान्यावर नव्हतं." आणि तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. यात त्याला काही अवघड गेलं नाही. आपल्यावर हसण्याचा त्याला चांगला सराव होता.

वधूपित्याला मांडव सोडून निघता येत नव्हतं, म्हणून भैय्यालाल गाडी एकोडीपर्यंत नेणार होता. मागच्या सीटवर गोदावरीबाई आणि त्यांच्या मांडीवर, पायाशी, बाजूला भांडी. म्हणून नवरानवरीला पुढच्या लांब सीटवर, भैय्यालालच्या शेजारी बसवलं. मुलगी मांडवातल्या सगळ्यांच्या पाया पडली होती, आईच्या गळ्यात पडली होती, पण रडली नव्हती. ती तशीच होती. परसराम खिडकीशी आला. गाडीच्या पाण्याबद्दल, काट्याबद्दल भैय्यालालला सांगायचं ठरवून आला होता. त्यानं नुसता खिडकीवर हात ठेवला.

बाहेर लोक अजून त्या उलट्या नावावर हसत होते. चंद्रकला समोर काचेतून पाहत होती. तिनं बॉनेटकडे पाहिलं, मग भैय्यालालच्या हातातल्या स्टिअरिंगकडे, रोज तिथं कोण बसतं ते आठवावं तसं, आणि परत बॉनेटकडे. मग तिनं वळून बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"उलटं कुठी हाये बाबा?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "इथून तं सरळ दिसून राहिलं."

परसरामनं हसायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही. भैय्यालालनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि त्याचंही हसणं थांबलं. त्यानं गाडी सुरू केली. परसरामचा हात खिडकीवरून निघत नव्हता, म्हणून भैय्यालालनं ती हळू हळूच पुढं काढली, आणि परसराम गाडीबरोबर चालत राहिला.